हॉलचे पडदे
(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या हॉलचे पडदे कुठून आणले, असं बऱ्याच जणींनी विचारलं. हे दुसऱ्या खेपेचे. पहिल्या खेपेची गोष्ट फक्त कमिटीला ठाऊक आहे.

दुकानातला भाव आपल्या बजेटच्या दुप्पट निघाला. म्हणून मी मोबाईलवर एका छोट्या विक्रेत्याकडून ‘हॅण्ड ब्लॉक प्रिंट’ कापड मागवलं. आलं ते स्क्रीन प्रिंट, तेही पातळ. भिजवलं तर बादली लाल! परत घ्यायला तो तयार होईना. पैसे वर्गणीचे, म्हणजे तुमचे. दोन रात्री झोप नाही. शेवटी ती रक्कम मी पेन्शनमधून भरली. खजिनदार नको म्हणत होते, पण मलाच चैन पडेना.

दुसऱ्यांदा मात्र चिकटपणा केला. जयपूरजवळच्या सांगानेरची छपाई पांढऱ्यावर नाजूक फुलांची. आपल्या पोरांच्या हातांपुढे ती टिकती ना! म्हणून तिथल्याच बगरू गावची, मातीचा लेप देऊन केलेली निळी दाबू छपाई निवडली. विकणाऱ्या बाईंना फोन लावला. माझं हिंदी तुम्हाला माहीतच आहे.

पहिला प्रश्न, पन्हा किती? भाव मीटरचा असतो, पण आपली खिडकी सहा फुटी. चुण्यांसाठी दुप्पट धरली तर १४४ इंच. ५४ इंची पन्ह्याच्या तीन पट्ट्या पुरतात, ४४ इंचीच्या चार लागतात. स्वस्त कापड महाग पडतं ते असं.

मग उन्हातला फोटो मागितला, बुट्ट्याशेजारी फूटपट्टी ठेवून. उलट्या बाजूचाही. हाताच्या ठशात सांध्याला थोडं मागेपुढे होतंच. सगळं अगदी तंतोतंत दिसलं तर शंका घ्यावी. वीतभर नमुना मागवला, टपालखर्च माझा. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहिला. नीळ पहिल्या धुण्यांत थोडी सुटतेच, हे बाईंनी आधीच सांगितलं, तिथेच माझा विश्वास बसला. “सिलाई से पहले धो लेना,” असंही म्हणाल्या. सुती कापड आटतं. आधी पाण्यातून काढलं, मगच शिंप्याकडे दिलं.

पहिल्या खेपेचं कापड आमच्याकडे फरशी पुसायला आहे. अजून रंग सोडतं.