किल्ली कोणाच्या खिशात?



भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज. यांतल्या कुठल्याही एमआयडीसीत प्रेस शॉपमधल्या जुन्या कामगारांना भेटा. एखाद्याचं पेर गेलेलं दिसेल. कसं गेलं विचारलंत, तर अनेकदा उत्तर येतं, “काही नाही हो, जॉब अडकला होता, तेवढा काढत होतो.”

हे ‘तेवढं’च घातक. नेहमीचं काम करताना माणूस सावध असतो. अडकलेला तुकडा काढणं, डाय पुसणं, तेल देणं या गोष्टींना तो काम मानतच नाही, म्हणून मशीनही धड बंद करत नाही.

पॉवर प्रेसचंच बघा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. तेवढ्यात पेडलवर चुकून पाय पडला, तरी रॅम खाली येतो. जुना, की-क्लचचा प्रेस असेल तर एकदा सुटलेला रॅम मध्येच थांबवता येत नाही. फेरा पुरा करूनच तो वर जातो. म्हणून आधी मेन स्विच बंद करायचा, फ्लायव्हील पुरतं थांबू द्यायचं, रॅमखाली ठोकळा लावायचा आणि मगच हात आत घालायचा.

मेन स्विचला आपलं कुलूप हवं आणि किल्ली आपल्याच खिशात हवी. मशीन बंद दिसलं म्हणून हेल्पर सहज चालू करतो, त्यात त्याचा हेतू वाईट नसतो. कुलूप लावल्यावर एकदा स्टार्टचं बटण दाबून पाहावं. मशीन ढिम्म राहिलं, तर योग्य स्विच बंद झाला. पुष्कळदा शेजारच्याच मशीनचा स्विच बंद केलेला असतो!

खंडेनवमीला आपण मशीन थांबवून लख्ख पुसतो, हार घालतो. काही शॉपमध्ये, मला वाटतं, पूर्ण बंद मशीन पुसण्याचा वर्षातला तो एकमेव दिवस असावा.

हातमोज्यांबद्दलही सांगतो. धारदार पत्रा उचलताना ते हवेतच. फिरत्या ड्रिलपाशी किंवा लेथवर मात्र नकोत. मोज्याचं टोक अडकलं की हातच ओढला जातो. अंगठी, कडं, मनगटातला गंडा, सैल बाही, ओढणीचं टोक यांचंही तेच.

आता दोन बटणांची गोष्ट. दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज रॅम सुटू नये, म्हणून ती व्यवस्था असते. तरी एका बटणावर पट्टी चिकटवलेली आढळते. ‘कामगार निष्काळजी’ म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. तासाला इतके नग, हा आकडा दोन्ही हात वापरून गाठता येतो का, हे तो ठरवणाऱ्यानं स्वतः उभं राहून पाहावं. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याची जबाबदारी 1948च्या कारखाने कायद्यानं मालकावरच टाकली होती.

नव्या पोराला गेटवरचा फलक काही शिकवत नाही. पहिल्या आठवड्यात तो ज्या मिस्त्रीच्या हाताखाली असतो, त्याचंच पाहून तो शिकतो. मिस्त्रीनं चालत्या मशीनमध्ये बोटानं चिप काढली, तर तोही तशीच काढणार. त्यानं मशीन थांबवून ब्रश घेतला, तर पोरगा ब्रश कुठे ठेवलाय ते विचारेल. तेव्हा मिस्त्रींनो, तो ब्रश मशीनशेजारीच टांगा. स्टोअरमधून चिठ्ठी देऊन आणायचा असेल तर कुणी आणणार नाही.