भाजलेल्या नोटांचा हिशोब

(१९९८च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू इतकी वर्षं तोक्योत आहेस, तिकडच्या अनुभवावर बोल.’ बुलेट ट्रेन आणि चेरीची फुलं यांवर तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेले आहेत. म्हणून मी आज माझ्या हातून झालेल्या एका वेंधळेपणावर बोलणार आहे. त्यात आपल्या शाळेचा संबंध आहे, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आईचाही आहे.

११ मार्च २०११च्या भूकंपानंतर आम्ही ठरवलं, की घरात थोडी रोख रक्कम असावी. तिकडे बरेच लोक असे पैसे घरात ठेवतात. त्याला ‘कपाटातली ठेव’ अशा अर्थाचा शब्दच आहे. आम्ही दहा हजार येनच्या पंधरा नोटा एका पाकिटात घातल्या. एक नोट म्हणजे तेव्हाचे साधारण पाच-सहा हजार रुपये. बाबा गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नव्हतं, त्यामुळे पुढे त्या पाकिटाला मी मनात ‘तिकिटाचे पैसे’ म्हणायला लागले. रात्री-बेरात्री फोन आला तर पैशांपायी अडायला नको, एवढंच.

पाकीट ठेवलं कुठे? तिकडच्या गॅसच्या शेगडीला खाली एक खण असतो, मासे भाजायचा. आम्ही शाकाहारी, तो खण कधी उघडलेलाच नाही. चोराला सुचणार नाही अशी जागा म्हणून जाळीखालच्या ताटलीत पाकीट ठेवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. इंजिनिअर ना!

२०१४च्या थंडीत आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. मी ऑफिसात असताना तिला दुकानात वांगी दिसली. भरीत करायचं म्हणून तिने शेगडी नीट पाहिली आणि तिला तो खण सापडला. मी तीन वर्षांत जे वापरलं नाही ते तिने चौथ्या दिवशी वापरलं. जाळीवर वांगी ठेवली, गॅस पेटवला.

मी घरी आले तेव्हा वास येत होता. आई ओट्यापाशी उभी होती आणि ताटलीत काळी पडलेली चळत होती. मी तेव्हा जे बोलले ते आज इथे सांगणार नाही. ‘विचारल्याशिवाय हात कशाला लावतेस’ हे त्यातलं सर्वात सौम्य वाक्य होतं. जिने बांगड्या मोडून माझी इंजिनिअरिंगची फी भरली, तिला मी हे बोलले. ती काहीच बोलली नाही. मी कुंचा घेऊन राख गोळा करायला लागले तेव्हा फक्त म्हणाली, ‘थांब. टाकू नकोस.’ आणि मसाल्याचा रिकामा स्टीलचा डबा घेऊन, ताटलीतली राख आणि तुकडे जसेच्या तसे, अलगद त्यात सरकवले. मी म्हटलं, ‘राखेचे कोण पैसे देणार?’ ती म्हणाली, ‘असू दे.’

तुम्हाला आठवत असेल, आपल्या लहानपणी फाटकी नोट म्हणजे केवढं संकट असायचं. एसटीचा कंडक्टर घ्यायचा नाही, वाणी उजेडात धरून परत द्यायचा. मग बाजारात ‘फाटक्या नोटा बदलून मिळतील’ अशी पाटी लावून बसलेल्या माणसाकडे जायचं, आणि तो बट्टा कापून पैसे द्यायचा. आई त्या जगातली. कागदाचा कपटाही टाकायचा नाही, हे तिथे शिकलेलं.

रात्री मी नियम वाचले. कोपरा फाटलेली, धुण्यात भिजलेली नोट नेहमीची बँकही बदलून देते. पण जास्त खराब झालेली नोट बँक ऑफ जपानकडे, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेकडे न्यायची. नोटेचा दोन तृतीयांश किंवा अधिक भाग शिल्लक असेल तर पूर्ण रक्कम. दोन पंचमांशापासून दोन तृतीयांशापर्यंत असेल तर निम्मी. त्याहून कमी असेल तर काही नाही.

आता इथे गणिताच्या बाई येतात. नोट १६० मिलिमीटर लांब, ७६ मिलिमीटर रुंद. क्षेत्रफळ १२१.६ चौरस सेंटिमीटर. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे साधारण ८१, दोन पंचमांश म्हणजे साधारण ४८.६. पण कडा जळून वेड्यावाकड्या झालेल्या नोटेचं क्षेत्रफळ कोणत्या सूत्राने काढणार? बाई, तुम्ही आठवीत आम्हाला पिंपळाचं पान आलेख कागदावर ठेवून त्याचं क्षेत्रफळ काढायला लावलं होतं. अर्ध्याहून मोठा चौकोन पूर्ण धरायचा, लहान सोडून द्यायचा. मी रात्री एक वाजता बटर पेपरवर चौकोन आखले, तो नोटांवर हलकेच धरला आणि मोजत बसले. आई समोर बसून आकडे लिहून घेत होती. आमचं बोलणं बंदच होतं, फक्त ‘त्र्याऐंशी’, ‘लिहिलं’ एवढंच चाललं होतं. हिशोब असा आला: सात नोटा पूर्ण, पाच निम्म्या, तीन गेल्या. म्हणजे दीड लाखांपैकी पंचाण्णव हजार येन.

फोन करून वेळ घेतली आणि आम्ही दोघी निहोन्बाशीला गेलो. बँकेची जुनी दगडी इमारत १८९६ सालची, तात्सुनो किंगो या वास्तुविशारदाने बांधलेली. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती, देवाचा प्रसाद असावा तसा. मी अर्ज भरला. काय झालं त्या रकान्यात मला जपानीत ‘वांगी भाजताना’ असं लिहावं लागलं. खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं, चेहरा जराही हलू दिला नाही, आणि दोन्ही हातांनी डबा घेतला.

आईने मला हळूच विचारलं, ‘बट्टा किती घेतात?’

मी म्हटलं, ‘काही नाही. फुकट असतं.’

तिचा विश्वास बसला नाही.

आम्ही बराच वेळ थांबलो. मग त्या बाईंनी कागद पुढे केला. नऊ नोटा पूर्ण, चार निम्म्या, दोन बाद. एक लाख दहा हजार येन. माझ्या हिशोबापेक्षा पंधरा हजार जास्त! मी म्हटलं, माझी मोजणी चुकली असेल. त्या म्हणाल्या, ‘राखही मोजली आहे.’ नोटेचीच राख आहे अशी खात्री पटली तर तीही नोटेचा भाग धरतात. म्हणून राख न कुस्करता, हलू न देता, डब्यात घालून आणायची असते. ‘तुम्ही फार नीट आणलीत,’ असं म्हणून त्यांनी डबा परत दिला. तोही पुसून.

मी ते आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं.’ मग बाहेर आल्यावर म्हणाली, ‘चाळीस हजार गेले ना पण? म्हणजे आपले किती?’

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांची मुलं आता बाहेर आहेत, म्हणून दोन उपयोगाच्या गोष्टी सांगते. खराब झालेल्या परकीय नोटेची खरी जबाबदारी ती नोट काढणाऱ्या देशाच्या यंत्रणेवर असते. फाटका डॉलर किंवा युरो घेऊन इथे आलात तर मनी चेंजर बहुधा नाहीच म्हणेल. तेव्हा परतण्याआधी तिथेच बदलून घ्या. युरोची निम्म्याहून अधिक नोट असेल तर तिकडच्या राष्ट्रीय मध्यवर्ती बँका ती बदलून देतात. कमी असेल तर उरलेला भाग नष्ट झाल्याचा पुरावा लागतो. आणि आपल्याकडेही बट्टा देण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पन्नास रुपये व त्यावरील नोटेचा सर्वात मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. नोट चिकटवू नका, इस्त्री करू नका, आणि राख टाकू नका.

आता राहिलेली गोष्ट. त्या संध्याकाळी आम्ही भरीत केलं, त्याच खणात वांगी भाजून. आई हसली, मी हसले, आणि विषय संपला असं मी धरून चालले. पण मी त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल तिची माफी कधी मागितली नाही. दहा वर्षं झाली. घरात ते शब्द तोंडातून निघत नाहीत. इथे, जिथे चुकलं की उभं राहून सांगायची सवय लावली गेली, तिथे कदाचित निघतील असं वाटलं.

आई, चुकलं माझं.

तो स्टीलचा डबा अजून तोक्योच्या स्वयंपाकघरात आहे. तिकिटाचे पैसे आता त्यातच असतात, शेगडीपासून बरेच लांब.