मोबाईलमधला डॉक्टर आणि आपले शिक्षण
(मांडवा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी संयोजकांची इच्छा आहे. मी बोलणार आहे ते आजारपणाविषयी. परंतु त्याचा शेवट शिक्षणापाशीच येतो, हे आपल्या लक्षात येईल.

आपले मांडवा मुंबईच्या समोर आहे. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाली आणि तासाभराच्या प्रवासात मोटारीसकट मुंबई गाठता येऊ लागली. ही मोठीच सोय झाली. पण शेवटची बोट निघून गेली किंवा समुद्र खवळला, की तीच मुंबई पेण-पनवेलच्या वाटेने शंभर किलोमीटर दूर जाते. गेटवेच्या लाँची तर पावसाळ्यात बंदच असतात. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवर. त्यामुळे रात्री घरात कोणी आजारी पडले, की आपला पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा नसतो. ‘आत्ता न्यायचे, की उजाडेपर्यंत थांबायचे?’ हा असतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर मोबाईलवर देऊ, असे म्हणणाऱ्या कंपन्या आता निघाल्या आहेत. आपण आपली तक्रार बोलून किंवा लिहून सांगावयाची. यंत्र उलट प्रश्न विचारते: ताप किती दिवस आहे, खोकला आहे काय, पूर्वी कोणता आजार होता? वैद्यकातला अफाट मजकूर त्याला शिकविलेला असतो. त्याच्या आधारे ते संभाव्य आजार सांगते, घरी थांबावे की डॉक्टरांकडे जावे याचा सल्ला देते आणि गरज पडल्यास पडद्यावर डॉक्टरांशी गाठ घालून देते. ह्यालाच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चालणारी दूरस्थ प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात.

ह्यात काही तथ्य नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी समजावून घेणे, रक्ताच्या तपासणीतल्या शब्दांचा अर्थ विचारणे, मधुमेहाच्या औषधाची वेळ लक्षात ठेवणे, ह्या कामी यंत्र उपयोगी पडते. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे यंत्राकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली. असे एक्स-रे वाचणारी क्युअर डॉट एआय ही कंपनी आपल्या मुंबईतलीच आहे.

परंतु हा धंदाही आहे, हे विसरून चालणार नाही. लंडनमध्ये २०१३ साली बॅबिलॉन नावाची कंपनी निघाली. आपल्या यंत्राने डॉक्टरांच्या परीक्षेतल्यासारख्या प्रश्नांत सरासरी डॉक्टरपेक्षा अधिक गुण मिळविले, असा दावा तिने २०१८ साली केला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने तो मान्य केला नाही. आफ्रिकेतल्या रवांडा देशात तिच्या सेवेत वीस लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली होती. २०२१ साली कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात गेली आणि २०२३ साली कोसळली. रवांडातली सेवाही बंद पडली. ज्या देशाने आपल्या गावोगावच्या रुग्णांची पहिली भेट एका कंपनीच्या हाती सोपविली, त्याला पुन्हा नव्याने सोय पाहावी लागली. गावचा दवाखाना गैरसोयीचा असेल, डॉक्टर उशिरा येत असतील. तरी तो दवाखाना शेअरचा भाव पडला म्हणून बंद होत नाही. म्हणून मोबाईल आला, आता आरोग्य केंद्राची मागणी कशाला, असे कोणी सांगू लागले तर त्यास आपण स्पष्ट नकार दिला पाहिजे.

आपल्या देशात ह्या बाबतीत नियम आहेत, ते प्रत्येक सुशिक्षित माणसास ठाऊक असावेत. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत स्वच्छ म्हटले आहे, की यंत्राने रुग्णास सल्ला देऊ नये अथवा औषध लिहून देऊ नये. यंत्राने डॉक्टरला मदत करावी, पण अखेरचा शब्द नोंदणीकृत डॉक्टरचाच असावा. त्याच वर्षी १३ एप्रिलपासून ई-संजीवनी ही सरकारी सेवा घरोघरच्या रुग्णांसाठी विनामूल्य सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले दिले गेले होते. हीच सेवा उपकेंद्रातूनही मिळते. तिथे रुग्णाजवळ समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो आणि पडद्यावर दूरचा डॉक्टर. हा जवळ बसलेला माणूस फार महत्त्वाचा आहे. का, ते आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणाने सांगतो.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. कोकणातला लाल विंचू किती घातक, हे आपणास सांगावयास नको. त्या काळी गंभीर दंश झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत आणि मृत्यू नेमका कशाने येतो याचा उलगडा नव्हता. डॉ. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग छातीत पाणी होऊन लागणारी धाप, हा क्रम त्यांनी तासातासाने टिपला. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आज मोबाईलला विंचूदंशाविषयी विचारले तर ते प्राझोसिनचे नाव सांगेल. पण ते ज्ञान यंत्राने शोधलेले नाही. एका सरकारी आरोग्य केंद्रात एका डॉक्टरने गरीब शेतकऱ्याचे हातपाय स्वतःच्या हाताने चाचपून ते मिळविले. जे कोणी पाहिले नाही, लिहिले नाही, ते यंत्राला ठाऊक असण्याचा संभव नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की आजही मुलाचे हातपाय गार पडले आहेत हे यंत्राला आपण सांगावे लागते. त्याला हात नाहीत.

इथेच शिक्षणाचा प्रश्न येतो. यंत्राचे उत्तर आपल्या सांगण्याइतकेच बरोबर असते. भातलावणीच्या दिवसांत कोणाला ताप आला, अंग मोडून आले, तर आपण ‘ताप आहे’ एवढेच सांगतो आणि उत्तर येते, साधा ताप असावा. आठ दिवसांपूर्वी तो माणूस पायाला जखम असताना शेतातल्या चिखलपाण्यात उभा होता, त्याच्या पोटऱ्या विलक्षण दुखताहेत, डोळे लाल झाले आहेत, हे सांगितले तर लेप्टोस्पायरोसिसची शंका येते आणि रक्त तपासून वेळेवर उपचार सुरू होतात. दोन उत्तरांत जिवाचे अंतर आहे, आणि ते अंतर सांगणाऱ्याच्या जाणतेपणाचे आहे.

आता जरा आपल्या घरांत डोकावू या. मोबाईल कोणाच्या हातात असतो? बहुधा मुलाच्या किंवा कर्त्या पुरुषाच्या. आजारी असते आई. तिचे दुखणे मुलगा सांगतो. जे दुखणे आई मुलासमोर बोलूच शकत नाही, ते त्या पडद्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. कित्येक बायका ‘जरा अशक्तपणा आहे’ असे म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढतात. घरात शिकलेली मुलगी असेल, तिच्या हातात मोबाईल देण्याइतका विश्वास असेल, तर आईची खरी तक्रार डॉक्टरांपर्यंत जाईल. मुलींना दहावीनंतर घरी बसविणाऱ्या पालकांनी ह्याचा विचार करावा. आणि त्यांतल्या काही मुली परिचारिका झाल्या, डॉक्टर झाल्या, तर त्या उपकेंद्रातली ती जवळची खुर्ची आपल्याच लेकीची असेल.

शेवटी, आपण सर्वांनी पाळण्यासारख्या काही गोष्टी सांगतो. श्वास लागणे, छातीत कळ, बेशुद्धी, साप किंवा विंचू चावणे, बाळंतिणीचा रक्तस्राव, ह्यांत मोबाईलला प्रश्न विचारीत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा आणि निघा. यंत्राने नाव सांगितले म्हणून दुकानातून औषध आणू नका. पडद्यावर बोलणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक विचारा. तो आपला हक्क आहे. कंपनी आपल्या आजाराची माहिती कोठे ठेवणार, हे विचारल्याशिवाय संमतीचे बटण दाबू नका. खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. आणि घरात एक वही ठेवा. प्रत्येकाचे आजार, चालू औषधे, न मानवणारी औषधे, तापाच्या तारखा त्यात लिहा. ही वही लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. डॉक्टर समोर असो वा पडद्यावर, त्याला ह्या वहीचा उपयोग होईल.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्रे येत राहतील, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. ‘आत्ता न्यायचे, की उजाडेपर्यंत थांबायचे?’ हा प्रश्न मात्र आपल्या घरात आपल्यालाच सोडवावा लागणार आहे. तो ज्या घरात शांतपणे, माहिती घेऊन सोडविला जाईल, त्या घरात शिक्षण पोहोचले असे मी समजेन.