लहान ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन ऑइल

गोदावरीकाठच्या शहागडच्या शिवारात, जिथे उसाच्या सरींतून आणि मोसंबीच्या दोन ओळींमधून मोठे यंत्र सहजासहजी वळत नाही, तिथे लहान ट्रॅक्टरची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु त्याच्या गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे, हा प्रश्न पुष्कळदा दुकानदाराच्या मर्जीवर सोपविला जातो, आणि हे मला अत्यंत अनिष्ट वाटते.

कारण अनेक ट्रॅक्टरांत हे एकच तेल गिअरच्या दात्यांना वंगण पुरविते, हायड्रॉलिक लिफ्ट उचलते, आणि ब्रेक तेलात बुडालेले असल्यास त्यांच्या चकत्यांचे घर्षण व उष्णता यांचेही नियमन करते. अशा यंत्रास बहुधा यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) जातीचे तेल अभिप्रेत असते. त्यात साधे ९० नंबरचे गिअर ऑइल ओतले, तर ब्रेक कर्कश आवाज करू लागतात व थंडीच्या सकाळी लिफ्ट मंदावते. याउलट, कोरडे ब्रेक आणि हायड्रॉलिकची स्वतंत्र टाकी असलेल्या यंत्रात तेच ९० नंबरचे तेल सर्वस्वी योग्य ठरू शकते.

डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे खुशाल समजावे. चिखलणी करणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर ही तपासणी अवश्य करावी. खरेदीपूर्वी ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तिकेतील तेलाचा प्रकार, दर्जा व प्रमाण कागदावर उतरवून घ्यावे, आणि डब्यावर तोच मजकूर असल्याची खातरजमा केल्याखेरीज पैसे देऊ नयेत.