पाण्यावरचा रेडिओ



चाचे म्हणजे समुद्रात जहाजे लुटणारे लोक. पण इंग्लंडजवळच्या समुद्रात एकदा वेगळेच चाचे आले. ते लुटत नव्हते, गाणी वाजवीत होते! त्यांचीच हकीकत आज ऐका.

तिकडच्या तरुण पोरांना नव्या गाण्यांचं भारी वेड. पण तेव्हा देशात रेडिओ एकाच संस्थेचा, बीबीसीचा. तबकड्या रोज किती वेळ वाजवायच्या, यावर तिथे मर्यादा होती. वादकांना धास्ती होती. सारे काम तबकडीच करू लागली, तर आमच्या पोटाचे काय?

मग रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणाने युक्ती काढली. देशाचा कायदा तेव्हा किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतच चाले. त्याने बोटीवर उंच खांब उभारला आणि तीन मैलांपलीकडे नांगर टाकला. मार्च १९६४ मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू झाला. त्याच वर्षी ‘रेडिओ लंडन’ची बोट आली. परवाना कुणाकडेच नव्हता, म्हणून लोक त्यांना चाचे म्हणत. जाहिरातींवर त्यांचा खर्च चाले.

दोन गाण्यांच्या मध्ये रेडिओचे नाव चालीवर गात. क्षणभराचीच चाल. तिला ‘जिंगल’ म्हणतात. चिपळ्या वाजल्या की वासुदेव आला, हे आपल्याला न बघता कळतं ना? तसंच हे.

आणि बोलणारे कसे? पारावर बसून गप्पा माराव्यात, तसे. टोनी ब्लॅकबर्न, केनी एव्हरेट, जॉन पील ही नावे घरोघर झाली. पण काम सोपे नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये वादळात कॅरोलाइनची एक बोट किनाऱ्यावर येऊन रुतली. माणसे वाचली, हे नशीब.

सरकार म्हणाले, “यांच्या लहरी दुसऱ्यांच्या रेडिओत घुसतात. तबकड्यांच्या मालकांना मोबदला मिळत नाही.” तक्रार खोटी नव्हती. पण बोट कायद्याच्या हद्दीबाहेर. मग काय केलं? तिची रसद तोडली! आपल्या माणसांनी बोटीवर काम करायचे नाही, अन्न-तेल पोचवायचे नाही, जाहिरात द्यायची नाही, असा कायदा ऑगस्ट १९६७ मध्ये लागू झाला. रेडिओ लंडन बंद पडला. कॅरोलाइनने काही महिने तग धरला.

पण लोकांची आवड कशी बंद होणार? ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीनेच नव्या गाण्यांसाठी ‘रेडिओ वन’ काढला. त्यावर पहिला आवाज कुणाचा? टोनी ब्लॅकबर्नचा! कालचा चाचा आज सरकारमान्य झाला.

आपल्याकडेही असेच घडले. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने सिनेमाची गाणी कमी केली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. तो काही चाचा नव्हता, शेजारी देशाचा रीतसर रेडिओ होता. तिथे अमीन सायानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली.

तेव्हा मंडळी, कायदा हवाच. पण कायदा करणाऱ्याने लोकांना काय ऐकायचे आहे, तेही ऐकावे.