प्रभूच्या सान्निध्यांतील आनंद



ज्युबिली म्हणजे आनंदाचा सोहळा. परंतु या मंडपांत बसलेल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं यंदा दुःख आहे. कोणाचें पीक गेलें, कोणाचा कर्ता पुरुष निवर्तला, कोणाच्या माथ्यावर कर्ज आहे. असा मनुष्य मनांत म्हणत असेल, "फादर, आपण आनंद करा म्हणून सांगतां, पण तो आणावा कोठून?" हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देणें माझें कर्तव्य आहे.

आपल्याच मुलखाकडे पाहा. बारामती व इंदापूर हे तालुके अवर्षणाच्या टापूंत मोडतात. केवळ येथल्या पावसावर ऊंस कधींच पिकला नसता. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला, आणि माळेगांव, भवानीनगर या बाजूचें शिवार हिरवें झालें. तें पाणी कोठचें? दूर भोरच्या डोंगरांत, सह्याद्रीच्या पावसानें भरणाऱ्या भाटघरच्या जलाशयाचें. डोक्यावर ढग नसला तरी पाटाला पाणी असतें. ख्रिस्ती मनुष्याच्या आनंदाचेंही तसेंच आहे. त्याचा उगम आपल्या परिस्थितींत नाहीं, प्रभूच्या सान्निध्यांत आहे.

संत पौल व सीला यांस फिलिप्पै नगरांत फटके मारून खोड्यांत अडकविलें होतें. तरी मध्यरात्रीं ते प्रार्थना करीत व स्तोत्रें गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते. त्यांच्या पाठीवरचे वळ अजून ताजे होते. आधीं दुःख सरावें व मग आनंद यावा, असा क्रम तेथें नाहीं. म्हणून ज्याच्या डोळ्यांत आज पाणी आहे, त्यानें वेदीपासून दूर बसूं नये. पवित्र साक्रामेंतांत जो प्रभु उपस्थित आहे, तो लाजराच्या थडग्यापाशीं स्वतः रडला होता.

हा आनंद प्रकट कसा होतो? संत अगस्तीन यांनीं स्तोत्रांवर बोलतांना शेतांत कापणी करणाऱ्यांचें उदाहरण घेतलें आहे. ते प्रथम शब्दांनीं गातात. मग हर्ष इतका दाटतो कीं शब्द मागें राहतात व केवळ सूर उरतो. पहाटे जात्यावर ओवी गाणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हें समजावून सांगावें लागलें नसतें. इंग्लंडांत जन्मलेले जेज्वित धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. प्रभूचें चरित्र सांगण्यास त्यांनींही ओवीच निवडली, आणि त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. पुढें गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांत तें गाइलें जात असे. मराठींत देवाची स्तुति करणें ही आपली जुनी मिरास आहे. म्हणून मिस्सेच्या वेळीं ओठ मिटून बसूं नका.

मात्र गाण्यावरच थांबूं नये. कालव्याकांठचा शेतकरी जाणतो कीं, पाण्याला निचरा नसेल तर जमीन चोपण होते, वर मीठ फुटतें. ज्या पाण्यानें शेत पिकलें त्याच पाण्यानें तें नासतें. स्वतःपाशीं कोंडलेल्या आनंदाची गति हीच. नहेम्याच्या काळीं यरुशलेमांत लोक नियमशास्त्र ऐकून रडूं लागले. तेव्हां त्यांस सांगण्यांत आलें कीं, आज शोक करूं नका, खा, प्या, आणि ज्याच्या घरीं कांहीं तयार नाहीं त्यास वांटा पाठवा. सणाची आज्ञा व वांट्याची आज्ञा बरोबरच आली.

आषाढीच्या वारींत तुकाराममहाराजांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या वाटेनें जाते, तेव्हां आपले शेजारी अनोळखी वारकऱ्यांस जेवूं घालतात. आपण मागें कां राहावें? सध्यां गाळपाचा हंगाम चालू आहे. ऊंसतोडीला मराठवाड्यांतून आलेलीं कुटुंबें कारखान्यांभोवतीं कोप्यांत राहत आहेत. आजचीं पानें वाढण्यापूर्वीं त्यांचा वांटा काढा. त्यांचा धर्म विचारूं नका. आणि ज्या भावाशीं आपण बोलत नाहीं, त्याच्या घरीं स्वतः घेऊन जा.

प्रभु उदरीं असतां पवित्र मरिया घरीं बसून राहिली नाहीं. डोंगराळ प्रदेशांत एलिझाबेथच्या घरीं त्वरेनें गेली, आणि तेथें तिच्या मुखांतून स्तुतिगीत निघालें. तिच्या मध्यस्थीनें आपलीही पाउलें आज शेजाऱ्याच्या दाराकडे वळोत. आमेन.