सबमिशनला तीन आठवडे उरलेत आणि विषयच सुचत नाहीये?

आजचा एपिसोड फोटोग्राफीचा कोर्स करणाऱ्या सगळ्यांसाठी. फायनल प्रोजेक्ट, दहा-बारा फोटोंची मालिका, सोबत पानभर लिखाण. तारीख जवळ आली की एकच वाक्य ऐकू येतं: "माझ्याकडे भारी विषयच नाही. लडाखला गेलो असतो तर..."

आधी एक गोष्ट सांगतो. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये दयानिता सिंग शिकत होत्या. विद्यार्थिनी असतानाच त्यांनी तबलावादक झाकिर हुसेन यांचे फोटो काढायला सुरुवात केली. नुसते स्टेजवरचे नाहीत. प्रवास, रियाज, घर, सगळं. एकाच माणसाकडे त्या परत परत जात राहिल्या. त्यातून 1986 साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. पुढे 2022 मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. म्हणजे कॉलेजातलं काम हे फक्त मार्कांपुरतं असतं, असं काही नाही.

यातला "परत परत" हा शब्द पकडा. विषय लांबचा असेल तर तुम्ही एकदाच जाल. चालत जाता येईल असा असेल तर दहादा जाल. आणि पहिल्या दिवशी लोक कॅमेऱ्याकडे बघत असतात. चौथ्या दिवशी ते आपापल्या कामाला लागतात. खरे फोटो तिथून सुरू होतात.

समजा, तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी घेतली. काय आहे त्यात? बघा हं. सकाळी दारातून तिरपं ऊन आत येतं. तुम्ही आतून दाराच्या दिशेने तोंड करून उभे राहिलात आणि मागे थोडा अंधार पकडलात, तर हवेतलं पीठ उजळून दिसतं. फ्लॅश मात्र बंद ठेवा, नाहीतर जवळचे कण पांढरे ठिपके होऊन फोटोभर पसरतील. मोबाईलवर स्क्रीन दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. फिरणारा पट्टा गोठवायचा असेल तर शटर स्पीड 1/500 च्या आसपास, गती दाखवायची असेल तर 1/15 आणि फोन कशाला तरी टेकवून. आणि पट्ट्यापासून लांब उभे राहा. ओढणी, कॅमेऱ्याची दोरी आधी सांभाळा.

आता यादी करा. बाहेरून दुकान, रांगेतले डबे, वजनकाटा, पिठाने पांढरे झालेले हात, भुवया, वाट बघणाऱ्या मावशी, संध्याकाळी झाडलोट. लांबून, मधून, जवळून, असे तिन्ही प्रकार हवेत. बाराही फोटो चेहऱ्यांचे असले की मालिका एकसुरी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गिरणीवाल्या काकांचा चेहरा तुमच्या मार्कांसाठी वापरला जाणार आहे. त्यांना हे माहीत आहे का? कॉलेजमध्ये लावणार, इन्स्टावर टाकणार, स्पष्ट सांगा. "नको" म्हणाले तर फक्त हातांचे फोटो काढा. किंवा विषय बदला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम जरूर बघा. घाण, गटार, कष्ट, सगळं त्यात आहे, पण त्या फोटोंमधला माणूस कुठेही केविलवाणा, छोटा होत नाही. आपला फोटो त्या माणसाच्या घरच्यांनी पाहिला तर त्यांना काय वाटेल? हा प्रश्न प्रत्येक फ्रेमला विचारा. आणि काम झाल्यावर एक प्रिंट नेऊन द्या. तो त्यांचा हक्कच समजा.

मग येते निवड. तीनशे फोटोंतून बारा. इथे रडू येतं, खरंच! सोपा उपाय: छोट्या प्रिंट काढा, त्याही साध्या कागदावर, आणि जमिनीवर पसरा. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो असतील तर एक जाणार. "हा काढायला किती त्रास झाला" हे बघणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे त्या कारणासाठी कुठलाच फोटो ठेवू नका. फोटोग्राफी न शिकलेल्या कुणाला तरी दाखवा. आजी चालेल. ती जिथे थांबते, तिथे खूण करा.

लिखाणात मोठे शब्द नकोत. कोण, कुठे, कधी, आणि मी इथे का परत परत गेलो. बस. एआयकडून लिहून घेतलंत तर व्हायवाला पहिल्याच प्रश्नात अडकाल, कारण गिरणीत तुम्ही उभे होतात, ते नव्हतं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. 8 बाय 12 इंचाची प्रिंट 300 डीपीआयवर हवी असेल तर फोटो किमान 2400 बाय 3600 पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, म्हणून लॅबला डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. आणि मूळ फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आजच.

तर दोस्तांनो, उद्या सकाळी चपला घाला, दहा मिनिटं चाला आणि जिथे पाय थांबतील तिथे आधी नुसतं बसा. फोन खिशातच राहू दे. परवा काढा पहिला फोटो. तीन आठवडे पुरेसे आहेत. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!